ताठ मानेची सत्तेचाळीस

तीन वर्षं, नऊ हजार बाटल्या, आणि खराब झालेली एकही नाही!

हा माझा विक्रम होता आणि तो मी कुणीही न विचारता कुणालाही सांगत असे. लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसाला सांगितलाय. दाताच्या डॉक्टरांना, तोंडात कापूस असताना सांगितलाय.

त्या मंगळवारी मात्र आमच्या मोठ्या बाईंनीच सांगायला लावला. बाई म्हणजे आमच्या संशोधन केंद्राच्या प्रमुख. नव्यानं रुजू झालेल्या पाच-सहा जणांना केंद्र दाखवत त्या माझ्या खोलीच्या काचेपलीकडे येऊन उभ्या राहिल्या.

"ही आमची बाटलीबाई," त्या म्हणाल्या. "मिरचीची रोपं बाटलीत वाढवते. हिचा हात म्हणजे... तूच सांग गं."

मी काय, वाटच बघत होते. मास्क हनुवटीखाली ओढला, मागच्या मांडणीवरची एक बाटली न बघताच उचलली आणि दिव्यासमोर धरली.

"तीन वर्षं! नऊ हजार बाटल्या! आणि आजपर्यंत एकाही बाटलीत—"

काचेवर टकटक झाली. सगळ्यांच्या मागे एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. शर्टाची बटणं एकेक काज चुकून लावलेली, त्यामुळे अख्खा माणूसच तिरका दिसत होता.

"ती बाटली जरा वळवता का?"

"कशाला?"

"नाही म्हणजे... तळाशी दूध सांडल्यासारखं दिसतंय."

मी वळवली. रोपाच्या मुळांभोवती पांढुरकं, चिकट वलय पसरलं होतं. जंतू! शेजारची बाटली उचलली, तिच्यात वलय. तिच्या शेजारची... वलय. नंतर मोजल्या तेव्हा दोनशे अकरा भरल्या.

"किती सुंदर..." तो काचेला नाक लावून पुटपुटला.

माझ्या गालांवर रक्त चढलं. मग त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं. तो वलयाकडे बघत होता.

बाई घसा साफ करत म्हणाल्या, "हे आपल्या रोग विभागात आलेत. यांना जंतूंची आवड आहे."

आता थोडं माझ्या कामाचं सांगते, नाहीतर पुढचं पटणार नाही.

मिरचीला मर नावाचा रोग होतो. मातीतले जंतू मुळांतून आत शिरतात आणि झाडाच्या नळ्याच बुजवून टाकतात. सकाळी हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं, आणि आठवड्याभरात अख्खा वाफा आडवा. औषध नाही. पण एक रानटी मिरची आहे, वाटाण्याएवढी, तिखटजाळ. तिला हा रोग शिवत नाही. तेव्हा मी ठरवलं की हिचं लग्न लावायचं. आई ढोबळी मिरची, गोड स्वभावाची, भरलेल्या अंगाची. बाप रानटी.

लग्न लागायचं, पण गर्भ बियातच मरायचा. मग तो मरायच्या आधी बाहेर काढायचा आणि बाटलीतल्या जेलीसारख्या खाद्यावर ठेवून वाढवायचा. गर्भ असतो खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढा. तो उचलायला मी बाबांचा चिमटा वापरते. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हात हलला की घड्याळ गेलं. तुझ्याकडे तर जिवंत माल आहे."

सेहेचाळीस गर्भ मेले. सत्तेचाळिसावा जगला. त्या एका रोपाचे डोळे कापून, पुन्हा बाटल्यांत लावून, मी त्याच्यासारखीच हुबेहूब रोपं तयार करत होते. त्या दोनशे अकरा बाटल्या त्यांच्याच. वाचल्या चाळीस.

आणि अठ्ठावीस तारखेला समिती येणार होती. सत्तेचाळीस नंबर रोगापुढे टिकली तर काम पुढे चालू. नाही टिकली, तर माझी खोली शोभेच्या फुलांच्या विभागाला, आणि माझी रोपं मोठ्या कुकरमध्ये घालून उकडून टाकायची, असा नियम होता.

रोपांना रोग लावून बघण्याचं काम कुणाचं? त्या तिरक्या बटणांचं. मी जगवायचं आणि त्यानं मारायचं, अशी सरळ वाटणी होती.

त्या दोनशे अकरा बाटल्यांचं खापर मी त्याच्यावरच फोडलं. तो आला आणि जंतू आले, याहून मोठा पुरावा कुठला?

"मी सकाळी सव्वानऊला रुजू झालो," तो म्हणाला. "हे वलय पाच दिवसांचं आहे."

"मग कुठून आलं?"

"शोधतो ना."

दोन खोल्यांमध्ये एक छोटी खिडकी होती, दोन्हीकडून दार असलेली. एक दार उघडलं की दुसरं उघडत नसे. माझ्याकडून निर्जंतुक केलेल्या काचेच्या बशा त्या खिडकीतून त्याच्याकडे जायच्या, त्यांत खाद्य घालून तो जंतू वाढवायचा. त्याच्याकडून माझ्याकडे मात्र काहीही यायचं नाही. माणूसही नाही. रोग विभागातून माझ्या बाजूला यायचं तर अंघोळ करून, कपडे बदलून, तेही काचेबाहेरच्या दालनापर्यंतच. आणि माझ्या बाजूचं कुणी त्याच्या खोलीत गेलं, तर त्या दिवशी परत यायचं नाही. दिवस गेला.

तर दुसऱ्या दिवशी तो अंघोळ करून आला. केसांतून पाणी गळत होतं. दालनाच्या दारातून त्यानं भांडारातून आणलेली एक कोरी, झाकलेली बशी माझ्या हातात ठेवली.

"ही उघडून तोंडासमोर धरा, आणि रोज रोपांशी जे बोलता ते बोला."

"मी रोपांशी बोलते असं कोण म्हणालं?"

"काचेतून दिसतं. मास्क खाली असतो आणि तोंड चालू."

मी खोटं बोलणार होते... पण बशी पुढे आली होती. मी तिच्यात तोंड घालून म्हणाले, "काय गं बायांनो, झोप झाली का? माना ताठ ठेवा. आपण कुणाच्या बापाला घाबरत नाही."

त्यानं गंभीरपणे बशी बंद केली आणि वर पेननं तारीख लिहिली.

तीन दिवसांनी बशी पुन्हा आली. काचेबाहेरूनच त्यानं ती दाखवली. तिच्यात पिवळे, पांढरे, गुलाबीसर ठिपके उगवले होते, नक्षी काढल्यासारखे.

"हे तुमचं 'झोप झाली का'," तो एकेका ठिपक्यावर बोट ठेवत म्हणाला. "हे 'माना ताठ ठेवा'. आणि हा मोठा आहे ना, तो बहुतेक 'बाप'."

विक्रम मोडणारी मीच होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फेकून द्या ती," मी म्हणाले.

"छे! मी ठेवणार." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... आवाज असा उगवलेला रोज कुठे बघायला मिळतो?"

फुलं दिलेली ऐकली होती, पत्रं दिलेली ऐकली होती. माझ्या थुंकीतले जंतू जपून ठेवणारा हा पहिलाच.

मी मास्क वर ओढला. हसू लपवायला तो फार उपयोगी पडतो.

त्यानंतर खिडकी जरा जास्तच वाजायला लागली.

"बशा संपल्या," तो इंटरकॉमवर म्हणायचा.

"परवाच दहा दिल्या की!"

"जंतू फार भुकेले आहेत हो."

"जंतू की तुम्ही?"

"दोघंही... पण जंतूंची सोय आधी बघा."

बशांच्या गठ्ठ्यावर मी चिठ्ठी चिकटवायला लागले. 'आज बटणं सरळ आहेत, अभिनंदन.' उत्तर चिठ्ठीनं येऊ शकत नव्हतं, तिकडून कागदही यायचा नाही. म्हणून तो स्वतः यायचा. अंघोळ करून. सकाळी एकदा, जेवणाच्या सुट्टीत एकदा, निघताना एकदा.

"दिवसातून तीन अंघोळी?" मी विचारलं. "सर्दी होईल."

"झालीये." तो शिंकला. "पण चौथीचा विचार चाललाय."

बोलताना मधली काच धुकट व्हायची. एकदा त्या धुक्यावर त्यानं बोटानं एक रोप काढलं, दोन पानांचं. मी माझ्या बाजूनं त्याला तिसरं पान काढलं. ते त्याच्या धुक्यात दिसणार नाही हे मला माहीत होतं... तरी काढलं.

मग परीक्षेचा दिवस आला. चाळीसपैकी वीस रोपं मी त्याच्या हवाली केली, वीस राखून ठेवली. बरोबर दहा साध्या ढोबळी मिरच्या, तुलनेसाठी. त्या मरायलाच हव्यात. त्या मेल्या तर रोग खरा.

"जपून न्या हं," मी म्हणाले.

"मारायला नेतोय."

"माहितीये. तरी जपून न्या."

त्यानं मुळांना छोटे छेद दिले, वरून जंतूंचं गढूळ पाणी ओतलं आणि आम्ही वाट बघत बसलो. त्याच्या रोपघराला माझ्या बाजूनं एक लांबची खिडकी होती, तिथून मी दिवसातून वीस वेळा डोकवायचे. पाचवा दिवस, सातवा दिवस. दहाव्या दिवशीही माझ्या वीसच्या वीस पोरी शाळेच्या रांगेत उभ्या राहाव्यात तशा उभ्या! मान ताठ, पानं सपाट.

इंटरकॉमवर तो म्हणाला, "एक मिनिट थांबा, मला अजून—"

कोण थांबतंय! मी जिन्यावरून धावत बाईंच्या खोलीत घुसले.

"वीसपैकी वीस!"

बाईंनी चष्मा काढला. "खरं?"

"अगदी शंभर टक्के!"

बाईंनी माझ्या देखत समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. घरी जाऊन मी बाबांना सांगितलं. बाबांनी त्यांचं जुनं मनगटी घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं. आई गेल्यापासून आत्या आमच्याकडेच असते. तिनं शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितलं की आमच्या मुलीनं मिरचीला अमर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काचेबाहेर उभा होता. केस ओले. बटणं पुन्हा चुकलेली.

"काल तुम्ही फक्त तुमची वीस पाहिलीत," तो म्हणाला.

"मग?"

"मागच्या रांगेतल्या साध्या मिरच्या... त्याही उभ्या आहेत. दहाच्या दहा."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मनगटावरचं घड्याळ एकदम जड झालं.

"म्हणजे माझी रोपं टिकली नाहीत. तुमचा रोगच..."

"रोगच मवाळ झालाय." त्यानं मान खाली घातली. "या जंतूंना फार वेळा नवं खाद्य मिळालं की ते भांडणं विसरतात. ताजी बशी, ताजी जेली, सगळं आयतं. महिन्यातून एकदा बशी बदलायची असते. मी... दर दोन दिवसांनी बदलली."

"का?"

तो चुकलेलं बटण चाचपायला लागला.

"अहो, का पण?"

"बशा तुमच्या खिडकीतून यायच्या ना..."

काय बोलावं! तीन वर्षांचं माझं काम, समिती, खोली, सगळं एका माणसाला माझ्याकडून बशा मागायला आवडत होतं म्हणून पाण्यात! आणि त्यातली लाजिरवाणी गोष्ट अशी, की बशा देणारी मीच होते, आणि चिठ्ठ्याही माझ्याच होत्या.

"गप्प बसला असतात तर?" मी म्हणाले. "कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही. खोली राहिली असती. तुमचं नाव झालं असतं."

"मग सांगितलं कशाला?"

"तुम्ही त्यांना रोज सांगता ना, माना ताठ ठेवा म्हणून." पहिल्यांदाच त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं. "खोट्या रोगापुढे ताठ ठेवून काय उपयोग?"

मी इंटरकॉमचं बटण बंद केलं आणि त्याच्यावर ओरडले. बराच वेळ. मध्ये काच होती आणि इंटरकॉम बंद होता, त्यामुळे त्याला काहीच ऐकू गेलं नाही. तो आपला प्रत्येक वाक्याला मान डोलावत उभा होता.

मग मी इंटरकॉम सुरू केला आणि शेवटचं तेवढं सांगितलं. "उरलेली वीस घ्या, आणि नव्या दहा साध्याही. आणि या वेळी जगातला सगळ्यात नीच, उपाशी, खुनशी जंतू आणा. माझ्या पोरींना लिंबूटिंबू समजू नका."

"वीस गेली तर तुमच्या खोलीच्या खिडकीतलं सत्तेचाळीसचं मूळ झाड सोडून काही उरणार नाही..."

"आणा म्हटलं ना!"

बाईंच्या खोलीत जाऊन मी "चुकलं" म्हणाले. समितीला चौदा दिवस होते. बाईंनी चष्मा पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "मग इथे काय करतेस?"

खुनशी जंतू कुठून आणायचा? तो मिळतो नुकत्याच मरणाऱ्या झाडात. मला आठवलं, गेले दोन दिवस आत्या गच्चीतल्या टोमॅटोच्या नावानं सुस्कारे टाकत होती. टोमॅटो म्हणजे मिरचीची मावसबहीण, रोग दोघींना एकच. इंटरकॉमवर मी पत्ता सांगितला. संध्याकाळी तो आमच्या दारात उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, कारण कुणाच्या घरी जायचं तर नीट जावं असं त्याच्या आईनं सांगितलं होतं.

आत्यानं दार उघडलं. इस्त्री पाहिली. ओले केस पाहिले. माझ्याकडे पाहिलं. आणि तिनं जे समजायचं ते समजून घेतलं.

"या, या, बसा! संकोच करू नका. घरी कोण कोण असतं?"

"आई, मोठा भाऊ, वहिनी," तो म्हणाला. "आत्या, तुमचा टोमॅटो कुठे आहे?"

"पाणी तरी घ्या आधी."

त्यानं ग्लास घेतला, अर्धा प्याला आणि उरलेलं पाणी घेऊनच गच्चीत गेला. आत्या, बाबा आणि मी मागोमाग. कुंडीतलं झाड हिरवंच होतं, पण दोरी सोडल्यासारखं लोंबत होतं. तो गुडघ्यांवर बसला. खिशातून पातं काढून त्यानं देठाचा बोटभर तुकडा कापला, ग्लासातल्या पाण्यात टांगता धरला आणि श्वास रोखला.

आधी काहीच नाही. मग देठाच्या तोंडातून एक पांढरा, बारीक धागा निघाला आणि पाण्यात खाली, खाली उतरत गेला... उदबत्तीचा धूर उलटा चालावा तसा.

"वा!" त्याचा चेहरा उजळला. "काय जबरदस्त आहे हो! आत्या, इतका भयंकर रोग मी कधी पाहिला नाही. तुमच्या हाताला जादू आहे!"

आत्याला ही स्तुती आहे की शिवी, ते ठरवता येईना.

बाबा आत गेले आणि डोळ्याला लावायचं त्यांचं भिंग घेऊन आले. एक डोळा मिटून त्यांनी धागा पाहिला. मग भिंग त्याला दिलं. त्यानं पाहिलं. दोघं ग्लासाभोवती दहा मिनिटं एकेका डोळ्यानं बसून होते.

"मुलगा स्थिर आहे," खाली उतरताना बाबा मला म्हणाले. "ग्लास धरला होता, पाण्यावर तरंग नाही उठला."

"बाबा, तो कामासाठी आलाय."

"मी कुठे काय म्हणालो?"

आत्या ग्लास घासायला निघाली तर तो म्हणाला, "नको, हा मी घेऊन जातो." पाहुणा ग्लास घेऊन गेला, ही गोष्ट आत्या अजून सगळ्यांना सांगते.

दुसरी परीक्षा सुरू झाली. या वेळी खिडकी वाजली नाही. बशा मागितल्या गेल्या नाहीत. लाड बंद. तो अंघोळ करून यायचा तो दिवसातून एकदाच, आकडा सांगायला.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "साध्या दहापैकी तिघींनी दुपारी मान टाकली."

"आणि माझ्या?"

"उभ्या."

सातव्या दिवशी साध्या दहाही झोपल्या. मला आनंद झाला आणि आनंद झाल्याची लाजही वाटली, कारण त्याही मीच वाढवल्या होत्या.

"आणि माझ्या?"

त्यानं वही मिटली. "एकीनं मान टाकली."

त्या दिवशी मी जेवले नाही. नवव्या दिवशी आणखी एक गेली. "देठ कापून पाण्यात धरला," तो हळूच म्हणाला. "धागा आला."

घरी बाबांनी काही विचारलं नाही. मीच म्हणाले, "वीसपैकी दोन गेल्या. आणखीही जातील."

"घड्याळ दोन मिनिटं मागे पडत असेल," बाबा म्हणाले, "तर गिऱ्हाईकाला दोन मिनिटं म्हणून सांगावं. त्यात कमीपणा कसला? बंद पडलेलं नाही ना?"

अठ्ठावीस तारखेला समिती अकराला यायची होती. नऊ वाजता मी माझ्या खोलीच्या खिडकीशी गेले. तिथे कुंडीत सत्तेचाळीसचं मूळ झाड होतं, आणि त्याला आलेलं पहिलंच फळ आदल्या दिवशी पिकलं होतं. लालबुंद, गुबगुबीत, अगदी आईच्या वळणावर गेलेलं. मी ते तोडलं. अंगरखा उतरवून खुंटीला लावला. आणि दालन ओलांडून, आजवर कधी न उघडलेलं रोग विभागाचं दार ढकललं.

आत फवारे चालू होते. छतातून बारीक तुषार पडत होते, पानांवरून टपटप थेंब उतरत होते. तो रोपांच्या रांगेपुढे वही घेऊन उभा होता. मला बघून वही पडली.

"अहो! तुम्ही... इकडे? आता परत जाता येणार नाही तुम्हाला!"

"माहितीये."

"आज समिती आहे! दिवसभर तुमच्या खोलीत पाऊल टाकता येणार नाही."

"माहितीये म्हटलं ना."

"मग?"

"मग काय? आले." तुषारांनी माझे केस भिजत होते. "दिवसातून तीन-तीन अंघोळी करून तुम्हीच यायचं का नेहमी?"

त्यानं वाकून वही उचलली. त्याचे कान बोलले.

आम्ही मिळून मोजलं. एक बोट त्याचं, एक माझं, प्रत्येक कुंडीवर. पंधरा, सोळा, सतरा... अठरा. बारा दिवस आत्याच्या टोमॅटोचा तो भयंकर जंतू पिऊन अठराजणी मान ताठ करून उभ्या होत्या, वरून थेंब पडला की पान जरा लवायचं आणि पुन्हा सरळ. मागे दहा कुंड्यांत दहा वाळके देठ. आता कुणी काही म्हणू शकत नव्हतं. मीसुद्धा.

"अठरा," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "मी जीव तोडून मारायला बघितलं हो. खरंच. एवढं मन लावून मी कुणाचं वाईट केलेलं नाही."

"अहो-जाहो पुरे आता."

"तुझं वाईट," त्यानं वाक्य दुरुस्त केलं.

मी फळ पुढे केलं. "तुला आणलंय. पहिलं आहे."

त्यानं ते दोन्ही हातांत घेतलं. मग त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. "बिया ठेवायला हव्यात. पहिल्या फळाच्या आहेत." हातमोजे शोधले, मिळाले नाहीत. "जाऊ दे, ढोबळीच तर आहे." पात्यानं त्यानं फळ उभं चिरलं आणि एकेक बी बोटानं, नखानं, अगदी मायेनं सोडवून कागदावर मांडायला लागला. बिया मांडता मांडता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती बशी अजून आहे माझ्याकडे. तुझ्या आवाजाची. फ्रिजमध्ये."

"शी! ती कशाला?"

"तिला बघून मी रोज एक वाक्य तयार करायचो. आणि काचेपाशी आलं की विसरायचो."

"आता काच नाहीये."

"हो ना..." त्यानं शेवटची बी ठेवली. "मला वाटतं की तू जे वाढवशील ते मी आयुष्यभर मारायला बघावं, आणि दर वेळी तू जिंकावंस. हे वाक्य जरा विचित्र झालंय. पण मला तू फार आवडतेस."

तीन वर्षं, सेहेचाळीस मेलेले गर्भ, दोनशे अकरा बाटल्या, आणि या अठरा ताठ माना. मला तोवर रडू आलं नव्हतं. आता एकदम आलं.

"तूही," मी म्हणाले. "फार. बटणांसकट."

तो जवळ आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आमच्यामध्ये काच नव्हती, आत्या नव्हती, काहीच नव्हतं. त्यानं दोन्ही हात उचलले आणि फार हळुवारपणे, बोटांच्या टोकांनी, आधी माझा उजवा डोळा पुसला, मग डावा. त्याचेही भरून आले होते. ते त्यानं नंतर पुसले.

सत्तेचाळीस नंबर रूपानं आईवर गेली होती. तिखटपणा बापाचा होता.

समिती अकराला दोन मिनिटं असताना आली. बाई सांगतात की त्या दार उघडून आत आल्या तेव्हा आम्ही दोघं एकाच नळाखाली डोळे धूत होतो. अध्यक्षांनी आकडा विचारला. मी ताठ उभी राहून सांगितलं, "वीसपैकी अठरा. दोन मेल्या. साध्या दहाच्या दहा मेल्या." अध्यक्षांनी रोपं पाहिली, देठ पाहिले, वही पाहिली आणि खोली आमच्याकडेच राहील असं जाहीर केलं. मी त्यांचे मनापासून आभार मानले.

आभार मी फ्रिजकडे तोंड करून मानले, असं बाईंनी नंतर सांगितलं.